सरकारी भरतीचा ऑनलाइन फॉर्म: काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान तालुक्याच्या बसस्टँडसमोर आहे, वर अभ्यासिका. जाहिरात निघाली की अभ्यासिकेचा जिना थेट माझ्या काउंटरपाशी येऊन थांबतो. चौदा वर्षं लोकांचे फॉर्म भरते आहे, त्याआधी चार वर्षं स्वतःचे भरले. प्रश्न ठरलेले असतात आणि गर्दीत प्रत्येकाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. मी इथं सांगते त्यापेक्षा जाहिरातीत काही वेगळं असेल, तर जाहिरात खरी आणि मी खोटी.

ताई, फोटो अपलोड होईना. मोबाइलमध्ये तर एकदम क्लिअर दिसतोय!

क्लिअर दिसतोय हाच त्याचा गुन्हा. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा, साइटला हवा केबीत. आयबीपीएसच्या, म्हणजे बँकांच्या भरतीची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, फॉर्मचंच घ्या: फोटो २० ते ५० केबी, २०० बाय २३० पिक्सेल. सही १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा पुन्हा २० ते ५०, आणि हातानं लिहिलेलं घोषणापत्र ५० ते १०० केबी. लोकांच्या लक्षात वरची मर्यादा राहते, खालची राहत नाही. दाबून दाबून फोटो १४ केबीवर आणतात आणि मग तो लहान झाला म्हणून अडतो. साइट सांगते काय, तर 'इनव्हॅलिड फाइल'. मोठी आहे, लहान आहे की पीएनजी आहे, ते तुम्ही ओळखायचं.

सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर, काळ्या शाईनं, नेहमी करता तशी. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही आयबीपीएस धरत नाही. रेघांच्या वहीचं पान नको, मागची रेघ सहीतून आरपार गेल्यासारखी दिसते. घोषणापत्र इंग्रजीतच आणि उमेदवाराच्याच अक्षरात हवं. इथं एक गंमत दरवर्षी बघते: बारा-पंधरा वर्षं मराठी माध्यमात शिकलेला मुलगा त्या चार ओळी लिहायला अर्धा तास घेतो, तीन कागद फाडतो आणि शेवटी बहिणीला म्हणतो, तू लिही. लिहू देऊ नका. परीक्षेच्या वेळी किंवा नंतर अक्षर जुळवून बघितलं तर पंचाईत होते.

फोटोकडे गमतीनं बघू नका. रेल्वेच्या २०१९ च्या लेव्हल-१ भरतीत, म्हणजे आपण ज्याला ग्रुप डी म्हणतो तिच्यात, जवळपास पाच लाख अर्ज फोटो-सही नीट नाही म्हणून बाद ठरवले होते. ओरड झाल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीची लिंक दिली, म्हणजे फॉर्म भरल्यावर अडीच वर्षं उलटून गेल्यानंतर. स्टाफ सिलेक्शन कमिशननं २०२४ पासून फोटो फाइल घेणंच बंद केलं. आता थेट कॅमेऱ्यासमोर बसावं लागतं. चष्मा काढा, टोपी काढा, मागे पांढरा पडदा. आमच्या दुकानात पडदा म्हणून माझ्या आईची जुनी चादर आहे. चालते.

जो फोटो फॉर्मला लावला त्याच्या दहा प्रती काढून ठेवा. हॉलतिकिटावर तोच चिकटवायचा असतो. आणि फॉर्मला दाढी नसेल तर परीक्षेलाही शक्यतो नको.

नाव कसं टाकायचं? आधारवर वेगळं आहे.

दहावीच्या सनदेवर जसं आहे तसं. अक्षर न् अक्षर. आधारवर वेगळं असेल तर आधार दुरुस्त करा, फॉर्म नको.

खरी कटकट पुढे आहे. आपल्या दहावीच्या कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. फॉर्ममध्ये मात्र तीन रकाने: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. घाईत लोक सनदेवरचा क्रम तसाच तीन रकान्यांत ओततात आणि पाटलांचा मुलगा 'पाटील' या नावाचा होतो. त्यात काही साइट नाव मराठीत आपोआप उतरवतात. इंग्रजी स्पेलिंग टाकलं की शेजारी देवनागरी येतं आणि ते बहुतेक वेळा चुकलेलं असतं. 'शिंदे'चं 'शींडे', 'मानसी'चं 'मनसी'. तो रकाना खोडून स्वतः टाइप करता येतो, हे शंभरातल्या नव्वद लोकांना माहीत नसतं, कारण तो रकाना भरलेला दिसतो आणि भरलेल्या रकान्याकडे कुणी बघत नाही.

लग्न झालेल्या मुलींचं सगळ्यात अवघड. दहावी माहेरच्या नावानं, पदवी कधी माहेरच्या कधी सासरच्या, जातीचा दाखला माहेरचा, आधार नवऱ्यानं बदलून घेतलेलं. माझं मत विचाराल तर भरती होईपर्यंत काहीच बदलू नका. बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, यातलं जाहिरातीत जे मागितलं असेल ते हाताशी हवं. आणि आरक्षणाचा दाखला वडिलांच्या बाजूचाच लागतो. नवऱ्याच्या उत्पन्नाचा नॉन-क्रिमिलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) काढून आणलेल्या बायका मी पाहिल्यात. कार्यालयातल्या कुणीतरी तसं सांगितलेलं असतं, आणि भोगायचं त्यांनी.

पैसे कटले, पण फॉर्मवर 'पेमेंट पेंडिंग' दिसतंय. पुन्हा भरू का?

आज शेवटचा दिवस नसेल तर थांबा. लॉगिनमध्ये 'पेमेंट स्टेटस' किंवा 'व्हेरिफाय' असं बटण असतं, ते तासा-दोन तासांनी दाबा. निम्म्या वेळा तेवढ्यावर काम होतं.

नाही झालं तर घाबरायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: यूपीआय किंवा कार्डनं पैसे गेले आणि समोरच्याला मिळाल्याची नोंद झाली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये बँकेनं द्यायचे. हे १०० रुपये मागणारा माणूस मला आजवर एकच भेटला, आणि त्याला मिळाले. बँकेत तोंडी नको, लेखी तक्रार द्या, व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

मात्र पैसे बँकेत अडकले नसून भरती घेणाऱ्या विभागाकडे दोनदा जमा झाले असतील, तर ते परत मिळतील याची आशा धरू नका. 'एकदा भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत केले जाणार नाही' ही ओळ जवळपास प्रत्येक जाहिरातीत असते.

आज शेवटचा दिवस असेल तर? पुन्हा भरा. हजार रुपये गेले तर गेले, फॉर्म राहायला नको. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण दुसरा उपाय नाही.

ओटीपी येत नाही.

इनबॉक्स भरलाय का बघा, रेंजमध्ये जा. ईमेलवर मागवला असेल तर स्पॅम बघा. एकामागून एक पाचदा 'रिसेंड' दाबू नका. दर वेळी जुना ओटीपी रद्द होतो आणि मग आधीचा येऊन पोचतो.

यापेक्षा महत्त्वाचं: नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. दुकानदाराचा नको, मित्राचा नको. सुरुवातीच्या काळात ईमेल नसलेल्या पोरांचे फॉर्म मी माझ्याच ईमेलवर भरायचे. आजही कुणाकुणाची हॉलतिकिटं माझ्याकडे येतात आणि ती माणसं कुठं आहेत मला ठाऊक नाही. भरती दोन-तीन वर्षं चालते. तोवर रिचार्ज न केलेलं सिम कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते. तुमच्या परीक्षेची तारीख मग कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या मोबाइलवर वाजते.

शेवटच्या दिवशीच साइट का बंद पडते?

कारण त्या दिवशी सगळे येतात. हे उत्तर तुम्हाला माहीतच आहे. पण 'मग आधी का भरत नाही' असं पोरांना झापणाऱ्यांना मी थोडं सांगते.

दाखला निघालेला नसतो. घरून पैसे यायचे असतात आणि ते महिन्याच्या एक तारखेला किंवा माल विकल्यावर येतात. जाहिरातीत एका जागेवर एक आणि दुसऱ्या जागेवर दुसरंच लिहिलेलं असतं, म्हणून लोक शुद्धिपत्रकाची वाट बघतात. कुठल्या जिल्ह्यात किती अर्ज आले याच्या अफवा टेलिग्रामवर फिरत असतात, त्यावरून जिल्हा ठरवायचा असतो. यातलं आळशीपणाचं कारण एकच, आणि तेही थोडंफार.

शिवाय सगळे शेवटी येणार हे साइट बनवणाऱ्यालाही माहीत असतंच. २०२२ च्या पोलीस भरतीत १८,३३१ पदं होती, अर्ज आले १८ लाखांवर. ३० नोव्हेंबर ही मुदत होती, साइट चालेना म्हणून ती १५ डिसेंबर करावी लागली. तलाठी भरतीतही २०२३ मध्ये एक दिवस वाढला. पण मुदत वाढेलच असं धरून बसू नका. वाढल्याची बातमी बहुतेक वेळा मुदत संपल्यावर, रात्री येते.

माझा अनुभव सांगते: पहाटे चार ते सात साइट लोण्यासारखी चालते. गजर लावा.

फी इतकी का? एका फॉर्मला हजार रुपये?

हजार खुल्या प्रवर्गाला, नऊशे मागासवर्गीयांना. २०२२ मध्ये सरळसेवेच्या परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस यांच्याकडे द्यायचं ठरलं, त्यानंतरच्या तलाठी, जिल्हा परिषद अशा भरत्यांचा हा दर झाला. पोलीस भरतीला ४५० आणि ३५०, म्हणजे त्यातल्या त्यात बरं.

हिशोब तुम्हीच करा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदं आणि ग्राह्य अर्ज साधारण १० लाख ४१ हजार. प्रत्येकी नऊशे जरी धरले तरी आकडा नव्वद कोटींच्या पुढे जातो. परीक्षा प्रत्यक्ष दिली साडेआठ लाखांहून थोड्या जास्त लोकांनी. उरलेल्यांची फी? शुल्क परत न करण्याची वर लिहिलीय ती ओळ पुन्हा वाचा.

जिल्हा परिषदेचं तर आणखी वेगळं. आरोग्यसेवक, ग्रामसेवक, कनिष्ठ सहायक, प्रत्येक पदाचा फॉर्म वेगळा, प्रत्येकाची फी वेगळी. पदवीधर मुलगा चार पदांना पात्र असेल तर चार हजार. त्यात माझी फॉर्मामागे शंभरची भर, हे मी लपवत नाही. फी ठेवली म्हणजे तयारी करणारेच फॉर्म भरतात असं फीच्या बाजूनं सांगतात. ज्याच्या खिशात हजार नाहीत तो तयारी करत नाही, असं माझ्या काउंटरवरून तरी दिसत नाही. उलट एक मुलगा आठवतो, दोन फॉर्मांचे पैसे आणले होते आणि तीन जाहिराती चालू होत्या. तो तासभर बाकावर बसून कुठला सोडायचा ते ठरवत होता.

रेल्वेची पद्धत मला पटते. पाचशे घेतात, पहिल्या परीक्षेला बसलात की चारशे परत. अनुसूचित जाती-जमाती, महिला वगैरेंना अडीचशे घेऊन बँकेचा खर्च वजा जाता सगळे परत. तयारी करणारा कोण हे तपासायचंच असेल तर ते असं तपासता येतं.

नॉन-क्रिमिलेयर कधीचं चालतं?

फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला चालू असलेलं, असं बहुतेक जाहिरातींत असतं. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. एक वर्षाचा आहे की तीन वर्षांचा, ते तुम्ही किती वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले त्यावर ठरतं. तीनही वर्षांचे जोडा, म्हणजे एप्रिलमध्ये पुन्हा पळावं लागणार नाही. अनुसूचित जाती आणि जमातीला हा लागत नाही. विमुक्त-भटके, विशेष मागास, इतर मागास आणि एसईबीसी (मराठा) यांना लागतो. खुल्या प्रवर्गातल्या महिलांनाही पूर्वी महिला आरक्षणासाठी लागायचा. मे २०२३ मध्ये ती अट काढली. तरी अजून कुणी मागितला तर तो शासन निर्णय मोबाइलमध्ये ठेवा, मी पाठवते.

फॉर्ममध्ये दाखल्याचा क्रमांक आणि तारीख मागतात. अर्जाच्या पावतीचा क्रमांक टाकू नका, दाखल्याचा टाका. दोन्हींवर बारकोड असतो, दोन्हींवर लांबलचक आकडे असतात, आणि दरवर्षी दहाएक लोकांची पडताळणीत इथंच गाडी अडते.

प्रांत कार्यालयात दाखला अडला असेल तर पावतीवरची मुदत बघा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार मुदत उलटली की ऑनलाइन अपील करता येतं. अपील टाकल्यावर दाखला कसा भराभर निघतो ते एकदा अनुभवा.

चूक झाली. फॉर्म एडिट होईल का?

फी भरण्याआधी होतो. भरल्यावर बहुतेक ठिकाणी नाही. काही भरत्यांत दुरुस्तीसाठी दोन-तीन दिवस देतात, त्याच्याही वेगळ्या पैशांनी. लहानसहान चूक असेल, पत्त्यात वगैरे, तर पडताळणीच्या वेळी अर्ज देऊन निभावतं. प्रवर्ग, जन्मतारीख, समांतर आरक्षण यातली चूक निभावत नाही.

समांतर आरक्षणाचा, म्हणजे जातीच्या प्रवर्गापलीकडच्या आरक्षणाचा, रकाना हा खड्डा आहे. माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अनाथ, अंशकालीन. 'तुम्ही माजी सैनिक आहात का?' याला बावीस वर्षांच्या मुलानं 'होय' दिलेलं मी पाहिलंय, कारण वडील फौजेत होते. फॉर्मनं एका शब्दानं विचारलं नाही की बाबा, बावीसाव्या वर्षी तू निवृत्त कधी झालास? जन्मतारीख त्याच्याकडेच होती. वर आणखी, माजी सैनिक म्हणून फी माफ झाली, त्यामुळे पोरगा खूश. निकालात नाव लागलं आणि पडताळणीत गेलं. तिथं त्याला सांगितलं, माहिती तुम्हीच भरली आहे.

फॉर्मचा हा स्वभाव लक्षात ठेवा. तुमची चूक ही चूक असते आणि त्यांची चूक 'तांत्रिक कारण' असतं.

म्हणून दुकानात माझा एक नियम आहे. फी भरण्याआधी प्रिव्ह्यूची प्रिंट काढते, दोन रुपये माझे, आणि उमेदवाराला ती मोठ्यानं वाचायला लावते. लाजतात, पण वाचतात. मनातल्या मनात वाचताना आपण जे असायला हवं ते वाचतो. मोठ्यानं वाचताना जे आहे ते वाचावं लागतं.

तीन केंद्रं निवडली होती, चौथंच आलं!

येतं. जाहिरातीत 'केंद्र बदलण्याचा अधिकार राखीव' असं असतंच. संगणकावरच्या परीक्षेला संगणक जिथं तिथं केंद्र, आणि आपल्या भागात तेवढी केंद्रं नाहीत. सकाळच्या सत्राला सातच्या सुमारास गेटवर उभं राहायचं तर आदल्या रात्रीच निघावं लागतं. मुलीसोबत कुणीतरी जातं, म्हणजे दोन तिकिटं, दोघांची खोली, एका दिवसाचा बुडालेला रोज. फीच्या चर्चेत हा खर्च कुणी धरत नाही.

दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तर?

एकाला पाणी सोडा, किंवा सगळ्यांनी मिळून ओरडा. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि आयबीपीएसची परीक्षा २५ तारखेलाच आली होती. पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, तेव्हा एमपीएससीनं पुढं ढकलली. पुण्यात ती एका हाकेवर जमतात. तालुक्याला बसलेल्यानं ट्विटरचा आधार घ्यायचा.

२०० मार्कांच्या पेपरला २१४ कसे मिळतात?

तलाठी भरतीचं विचारताय. परीक्षा ५७ सत्रांत झाली, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एक पेपर सोपा, एक अवघड, म्हणून गुण सारख्या पातळीवर आणायला सूत्र लावतात, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. अवघड सत्रातल्या हुशार मुलाचे गुण त्यात वर जातात, आणि वरच्या टोकाला ते दोनशेच्या पलीकडेही जाऊ शकतात. म्हणजे आकडा बघून लगेच घोटाळा म्हणता येत नाही.

तरी पोरांचा राग मला समजतो. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली तेव्हा सूत्र काय, कुठल्या सत्राला किती वाढले, हे साध्या मराठीत सांगणारं एक पान आधीच दिलं असतं तर निम्मा गोंधळ झाला नसता. त्याच परीक्षेत २१ ऑगस्ट २०२३ ला सकाळी सर्व्हर बंद पडला होता आणि केंद्राबाहेर मुलं दोन तास उभी होती. असं सगळं बघितलेल्या माणसाला गणिताचं सूत्र सांगून पटत नाही.

फॉर्म भरून वर्षं झाली, परीक्षाच नाही. आता काय?

मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांची मोठी जाहिरात आली, १३ हजारांहून जास्त पदांची. लाखोंनी फॉर्म भरले. मग निवडणूक, मग कोरोना, मग मध्येच तारखा आणि पुन्हा स्थगिती. शेवटी भरती रद्द, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांची नवी जाहिरात, नव्या फीसह. जुनी फी परत द्यायचं ठरलं, पण त्यासाठी पुन्हा साइटवर जाऊन बँकेची माहिती भरायची होती. २०१९ चा लॉगिन आयडी कुणाकडे असतो? माझ्याकडे त्या काळातल्या पावत्यांचं एक खोकं होतं म्हणून गावातल्या बऱ्याच जणांचे पैसे परत आले. तेव्हापासून मी सांगते: अर्जाची पीडीएफ, पावती आणि जाहिरात, तिन्ही स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा.

असं एकदाच झालेलं नाही. २०१७ मध्ये राज्यातल्या भरत्यांच्या ऑनलाइन परीक्षांसाठी महापरीक्षा पोर्टल आलं, तक्रारींचा ढीग झाला, २०२० मध्ये बंद केलं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा २५ आणि २६ सप्टेंबरला होती, आदल्या रात्री पुढं ढकलली. तोवर लांबची पोरं एसटीत बसलेली होती. ऑक्टोबरमध्ये झाली आणि पेपर फुटला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला म्हाडाची परीक्षा, तीही मध्यरात्रीनंतर रद्द झाल्याचं कळलं. सकाळी सहाला माझ्या दुकानासमोर दोघंजण हॉलतिकिटाची रंगीत प्रिंट मागायला उभे होते. त्यांना मी सांगितलं.

या सगळ्यात वय निघून जातं. खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा. मार्च २०२३ मध्ये सरकारनं दोन वर्षांची सूट दिली, पण त्या वर्षअखेरपर्यंतच्या जाहिरातींपुरती. ज्यांचं वय त्याआधीच गेलं किंवा ज्यांच्या पदाची जाहिरातच त्या काळात निघाली नाही, त्यांना तिचा काही उपयोग नव्हता.

तुमच्या हातात एक हत्यार आहे, ते वापरा: माहिती अधिकार. दहा रुपये, ऑनलाइनही होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे नको, भरती ज्या विभागाची त्याच्याकडे टाका. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कैफियत मांडू नका. 'अमुक जाहिरातीची सद्यस्थिती, प्राप्त अर्जांची संख्या, जमा शुल्क' एवढंच विचारा.

व्हॉट्सअॅपवर नियुक्तीपत्र आलंय, साडेपाच हजार भरायला सांगतायत.

खोटं आहे. शिक्का असो, राजमुद्रा असो, खोटं आहे. सरकारी नोकरीचं पत्र पैसे मागत नाही. पैसे गेले असतील तर आत्ता, हे वाचायचं सोडून, १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

खासगी नोकऱ्यांच्या साइटवर एवढा त्रास नसतो ना?

त्रास वेगळा. तिथं फी नसते, उत्तरही नसतं. रेझ्युमे अपलोड करायला सांगतात आणि पुढच्या पानावर तीच सगळी माहिती पुन्हा रकान्यांत भरायला लावतात. दोन स्तंभांचा, फोटो-चौकटींचा नटवलेला रेझ्युमे तिथल्या मशीनला नीट वाचता येत नाही; साधा, एका स्तंभाचा ठेवा. आमच्या तालुक्यातून यापेक्षा जास्त सांगण्याइतका अनुभव मला नाही. पुण्याला गेलेली पोरं सांगतात की शंभर अर्जांत दोन-तीन फोन येतात. सरकारीत निदान 'अपात्र' असं लिहून तरी देतात.

घरी मोबाइलवर भरला तर चालतो का? का तुमच्याकडेच यायचं?

चालतो, आणि तुम्हाला जमत असेल तर तसाच भरा, माझे शंभर वाचतील. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करा, नाहीतर काही साइटवर 'सबमिट'चं बटणच स्क्रीनच्या बाहेर राहतं. मराठी टाइप करायला फोनचा कीबोर्ड आमच्या संगणकापेक्षा बरा. फक्त फी भरताना दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की परत येईपर्यंत पान उडतं. त्यापेक्षा पेमेंट दुसऱ्याच्या फोननं क्यूआर स्कॅन करून करा.

दुकानात भरलात तर पासवर्ड माझ्या वहीत लिहू नका. मी सांगूनही लोक लिहितात. वहीत आत्ता साडेचारशे पासवर्ड आहेत आणि निम्मे 'अभ्यास@१२३' आहेत.

शेवटच्या रात्री दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?

साइट बंद होईपर्यंत, म्हणजे ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत. साडेअकरानंतर आलेल्याचा नवीन फॉर्म घेत नाही, फक्त ज्यांचं पेमेंट राहिलंय ते. लाइट गेली तर इन्व्हर्टर चाळीस मिनिटं चालतो. कागदपत्रं ओरिजिनल आणा, मोबाइल चार्ज करून आणा, आणि सोबत पेन आणा. पेन परत येत नाहीत.